चार काळांच्या वस्तू, एक खोली: वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न मिश्र शैलीच्या, म्हणजे ज्याला एक्लेक्टिक म्हणतात त्या सजावटीबद्दल आहेत. हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ ‘निवडून घेणारा’. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या घडणीच्या वस्तू एकत्र ठेवायच्या हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. निवडायचं मात्र राहून जातं. खालच्या बऱ्याचशा अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न: बैठकीच्या खोलीत आजोबांच्या काळचं कोरीव कामाचं मोठं कपाट आहे. राखाडी रंगाचा एल आकाराचा नवा सोफा, दोन वेताच्या खुर्च्या, स्टीलच्या पायांचा काचेचा टीपॉय आणि प्रवासातून आणलेल्या पंचवीसेक वस्तू आहेत. प्रत्येक वस्तू आवडीची, तरी खोलीत पाऊल टाकलं की गोदामात आल्यासारखं वाटतं. काय काढू?

लगेच काही काढू नका. आधी सगळ्या छोट्या वस्तू खोक्यात भरून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि फक्त फर्निचर राहू द्या. मग दारात उभं राहून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग गेले की वस्तूंचं वजन दिसतं. तुमच्या फोटोत कपाट सगळ्यात गडद असणार, त्याखालोखाल सोफा. हे दोन्ही खोलीच्या एकाच बाजूला असतील तर ती बाजू जड पडते आणि उरलेली खोली तिथे ओघळल्यासारखी दिसते. सोफा कपाटासमोर किंवा त्याच्या तिरक्या कोपऱ्यात न्या. समोरची बाजू तरीही हलकी वाटली तर तिथे दुसरं कपाट आणू नका. नजरेच्या उंचीवर एक मोठं गडद चित्र किंवा खाली दाट पानांची उंच कुंडी तेवढंच वजन पेलते.

आता धागा ठरवा. मिश्र शैलीत वस्तू एकमेकींसारख्या नसतात, म्हणून त्यांच्यात काहीतरी पुन्हा पुन्हा दिसावं लागतं. तुमच्या खोलीत तीन गोष्टी सहज हाताशी आहेत: कपाटाचा तांबूस तपकिरी रंग, वेताची वीण आणि टीपॉयचं स्टील. तांबूस तपकिरी आणखी तीन ठिकाणी आणा आणि ती तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर असू द्या. सोफ्यावरच्या एका उशीचा अभ्रा, भिंतीवरची फ्रेम, जमिनीवरची कुंडी असं. वेत आणखी एकदा दिसला पाहिजे: दिव्याची शेड किंवा वर्तमानपत्रं ठेवायची टोपली. स्टीलला एखाद्या उभ्या दिव्याच्या दांड्याची सोबत द्या. एखादी गोष्ट खोलीत एकदाच आली तर ती चुकून राहिल्यासारखी वाटते. त्याला अपवाद फक्त मुख्य वस्तूचा. तुमचं कोरीव कपाट एकटं राहिलं तरी शोभेल, दुसरं कोरीव काम त्याच्या जवळपासही नको.

मोजमापं तपासा. टीपॉय सोफ्यापासून ४० ते ४५ सेंटीमीटरवर असावा आणि त्याची उंची सोफ्याच्या बैठकीइतकी किंवा तीन-चार सेंटीमीटर कमी असावी. येण्याजाण्याची मुख्य वाट ७५ ते ९० सेंटीमीटर हवी. एल आकाराच्या सोफ्याची लांब बाजू नेमकी या वाटेत येते, आणि वाट ६० च्या खाली गेली की वस्तू कितीही कमी केल्या तरी खोली कोंदटच वाटते. तसं असेल तर आधी वेताची एक खुर्ची दुसऱ्या खोलीत जाऊ द्या.

शेवटी खोकी उघडा. पंचवीसपैकी आठ-नऊ वस्तू बाहेर काढा. त्या तीन किंवा पाचच्या गटात मांडा, गटात उंची वेगळी ठेवा (३०, २० आणि १० सेंटीमीटर असा उतार चांगला दिसतो) आणि प्रत्येक गटात एक गोष्ट सारखी ठेवा: सगळं मातीचं, किंवा सगळं निळं. कपाटातल्या फळीचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडा. एक अख्खी भिंतही रिकामी राहू द्या, त्या रिकाम्या भिंतीमुळेच बाकीचं पाहावंसं वाटतं. उरलेल्या वस्तू कापडात गुंडाळून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी अदलाबदल करा.

प्रश्न: जमीन लाकडी फळ्यांची, जेवणाचं टेबल सागाचं, पलंग आणि कपाट अक्रोडाचं. तिन्ही लाकडांचे रंग एकमेकांशी भांडतात. सगळ्याला एकच पॉलिश करून घ्यावं का?

नको. एकाच रंगात बुडवलेली लाकडं निर्जीव दिसतात, आणि वेगवेगळं लाकूड तेच पॉलिश वेगवेगळं शोषून घेतं, त्यामुळे रंग एकसारखा येतही नाही.

गडद आणि फिकं लाकूड शेजारी चालतं. खटकते ती झाक. दिवसाच्या उजेडात प्रत्येक लाकडाशेजारी पांढरा कागद धरा. लाकूड लालसर, पिवळसर की राखाडीकडे झुकतं ते लगेच कळतं. झाक एक असली तर फिकटपणात कितीही फरक असू द्या. सगळ्यात वाईट दिसते ती ‘जवळजवळ सारखी’ जोडी: जमीन आणि टेबल यांच्यात अर्ध्या छटेचा फरक असेल तर जुळवायला गेलो आणि चुकलो असंच वाटतं. त्यांच्यामध्ये गालिचा टाका. जेवणाच्या टेबलाखाली तो टेबलाच्या कडेबाहेर चारही बाजूंनी निदान ६० सेंटीमीटर यायला हवा, नाहीतर खुर्ची मागे ओढली की मागचे पाय गालिच्यावरून खाली उतरतात आणि पुढे घेताना कड दुमडते.

खोलीत एक लाकूड ठळक असू द्या आणि बाकीची दोन निदान दोन-दोन ठिकाणी दिसतील असं पाहा. अक्रोडाची एखादी फ्रेम किंवा ट्रे जेवणाच्या भागात आली की पलंगाचं लाकूड परकं राहत नाही.

बरेचदा दोष रंगाचा नसून चकाकीचा असतो. एक वस्तू आरशासारखी चमकते आणि बाकीच्या मंद असतात. अशा चकचकीत पृष्ठभागावर ०००० क्रमांकाची स्टील वूल (बारीक लोखंडी तारांचा लोकरीसारखा बोळा) लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, धूळ पुसा आणि मेणाचा पातळ थर लावून कापडाने घासा. आधी मागच्या बाजूला हातभर जागेवर करून बघा. वर पातळ विनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा चिकटवलेला पापुद्रा, असेल तर दाब देऊ नका, कडेला ते लगेच झिजतं.

प्रश्न: सोफ्यामागच्या भिंतीवर अकरा फ्रेम लावायच्या आहेत. काही सोनेरी नक्षीच्या, काही साध्या काळ्या, दोन लाकडी. आत फोटो, जलरंग, एक भरतकाम. मागच्या घरी लावल्या तेव्हा भिंतीला चाळणीसारखी भोकं पडली आणि फ्रेम वाकड्या झाल्या.

आधी काय जुळवायचं ते ठरवू. फ्रेम वेगवेगळ्या असतील तर आतलं माउंट, म्हणजे चित्राभोवतीची कागदी पट्टी, एकच ठेवा: सगळ्यांना सारखाच मोतिया पांढरा, रुंदी ५ ते ७ सेंटीमीटर. फ्रेम सगळ्या सारख्या असत्या तर माउंट आणि चित्रं कशीही चालली असती. माउंट आम्लरहित कागदाचं मागा, साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि चित्राच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. जलरंग आणि भरतकाम थेट उन्हाच्या भिंतीवर नको, दोन्हींचे रंग उडतात.

मांडणी जमिनीवर करा. सोफा २१० सेंटीमीटर रुंद असेल तर फ्रेमांचा पूर्ण समूह १४० ते १६० सेंटीमीटर रुंद असावा. जमिनीवर मास्किंग टेपने तेवढा आयत आखा आणि त्यातच बसवा. सगळ्यात मोठी फ्रेम मध्यापासून थोडी बाजूला, खालच्या अंगाला ठेवा. बरोबर मध्ये ठेवली की बाकीच्या तिच्याभोवती शिपायांसारख्या उभ्या राहतात. सोनेरी नक्षीच्या फ्रेम एकत्र न ठेवता विखरा. दोन फ्रेमांमधलं अंतर ५ ते ८ सेंटीमीटर असावं. नेमकं किती ते एकदा ठरवलं की सगळीकडे तेच. फ्रेम मिश्र असताना हे सारखं अंतरच समूहाला बांधून ठेवतं.

आता प्रत्येक फ्रेमच्या आकाराचा कागद कापा. भोकांची चाळणी का झाली याचं उत्तर पुढच्या मापात आहे. लोक फ्रेमच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करतात आणि तिथेच खिळा ठोकतात. खिळा मात्र त्याच्या खाली यायला हवा, कारण मागची तार ताणली जाते. फ्रेम टांगल्यासारखी बोटाने तार वर ओढा आणि ताणलेल्या तारेपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा फ्रेम ५० सेंटीमीटर उंच आहे, हे अंतर ७ आहे आणि फ्रेमचा मध्य जमिनीपासून १४८ सेंटीमीटरवर हवा आहे. वरची कड १४८ अधिक २५ म्हणजे १७३ वर येईल आणि खिळा १७३ वजा ७, म्हणजे १६६ वर. ही खूण कागदावरच करा, कागद टेपने भिंतीला चिकटवा, दोन दिवस तसेच राहू द्या आणि पटलं की कागदावरूनच भोक पाडा.

समूहाचा मध्य साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर येऊ द्या. सोफ्याच्या पाठीपासून सगळ्यात खालची कड १५ ते २० सेंटीमीटर वर हवी. या दोन्हींत ओढाताण झाली तर सोफ्याचं माप पाळा. चित्रं छताकडे सरकली की ती सोफ्याची राहत नाहीत.

जड फ्रेमसाठी रावल प्लग, म्हणजे भोकात बसवून त्यात स्क्रू पिळायची प्लास्टिकची नळी, हवाच. ६ मिलिमीटरच्या प्लगला ६ मिलिमीटरचंच बिट. गिलावा एक-दोन सेंटीमीटर जाड असतो आणि आखूड प्लग त्यातच अडकून राहतो. वजन आलं की गिलाव्याचा खपलाच निघून येतो. म्हणून ४० ते ५० मिलिमीटरचा प्लग घ्या, म्हणजे त्याचा मोठा भाग विटेत बसेल. पोकळ विटेत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर विटेची पातळ भिंत आतून फुटते. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय प्लग ठोकू नका. आणि बटणांच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत कुठेही भोक नको, वायर तिथूनच गेलेली असते.

वाकडेपणावर उपाय सोपा आहे. एका खिळ्याऐवजी स्पिरिट लेव्हलने एका रेषेत दोन हुक लावा आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या चिकटवा. फ्रेम भिंतीला घट्ट राहते आणि मागे हवाही खेळते.

प्रश्न: मोठ्या फुलांचा गालिचा, पट्ट्यांचे पडदे आणि बारीक नक्षीचे अभ्रे घेतले. दुकानात सगळं एकमेकांना शोभत होतं. घरी पडदे मळकट दिसतात आणि सोफ्याचा राखाडी रंग हिरवट वाटतो. कापड खराब निघालं का?

कापड बहुधा चांगलंच आहे. पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या भित्तिचित्रांच्या कारखान्यात रंगाईचा विभाग सांभाळणाऱ्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञापुढे अशीच तक्रार आली होती: काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो. तपासल्यावर दोष रंगात निघाला नाही; शेजारच्या रंगांमुळे काळा तसा भासत होता. एक रंग शेजारच्या रंगाला कसा बदलतो याचे नियम त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. राखाडीच्या शेजारी भरपूर लाल आला की डोळ्याला राखाडी हिरवट दिसतो. तुमच्या गालिच्यातली फुलं लाल असतील तर सोफा का बदलला ते कळेल. सोफा आणि गालिचा यांच्यामध्ये तिसरा रंग आणा: सोफ्यावर मातकट पिवळ्या किंवा गडद निळ्या रंगाची घडी घातलेली चादर पसरा, म्हणजे दोघांची कड एकमेकींना भिडणार नाही.

पडद्यांचं मळकटपण वेगळ्या कारणाचं दिसतं. पट्ट्यांमधलं मूळ कापड मोतिया असेल आणि भिंत किंवा अभ्रे स्वच्छ पांढरे, तर मोतिया कापड न धुतल्यासारखं दिसतं. एका खोलीत पांढऱ्याची एकच जात ठेवा. अभ्रे बदलणं पडद्यांपेक्षा सोपं, तेच मोतियाकडे वळवा.

नक्षीच्या बाबतीत तुम्ही बरोबर वाटेवर आहात. एक मोठी नक्षी (फूल वीतभर किंवा मोठं), एक मध्यम (तळहातात मावेल अशी), एक बारीक (बोटाच्या पेराएवढी किंवा लहान). तिन्हींत निदान एक रंग तोच असावा. दोन सारख्या आकाराच्या नक्ष्या शेजारी आल्या की डोळा कुठेच ठरत नाही. तिन्हींच्या मध्ये साधं, बिननक्षीचं कापडही हवं. पाच उशा असतील तर दोन साध्या ठेवा.

पुढच्या वेळी दुकानातून निदान ३० सेंटीमीटर चौरस तुकडा आणा, सोफ्यावर टाकून सकाळी, दुपारी आणि दिवा लावून रात्री बघा. दुकानाच्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग घरच्या दिव्याखाली वेगळे होऊ शकतात.

प्रश्न: खोलीत पाच दिवे आहेत, तरी संध्याकाळी भिंतीवर पिवळे-निळे डाग दिसतात.

बल्ब वेगवेगळ्या केल्विनचे लागलेत. उजेड पिवळसर की निळसर ते या आकड्यावरून कळतं. खोक्यावर बघून सगळे २७०० किंवा सगळे ३००० केल्विनचे लावा. रंगदर्शक अंक, म्हणजे सीआरआय, ९० किंवा जास्त घ्या. लाकूड आणि कापडांचे लाल रंग त्याशिवाय मरगळलेले दिसतात. दिव्यांच्या शेड हव्या तेवढ्या निरनिराळ्या असू द्या.

प्रश्न: पितळ, क्रोम, तांबं, काळं लोखंड: किती धातू चालतात?

तीन. त्यातला एक ठळक, बाकी दोन थोडे. क्रोम आणि निकेल अगदी शेजारी ठेवू नका, फरक इतका थोडा की फसलेलाच दिसतो. काळं लोखंड कशाबरोबरही जातं.

प्रश्न: जुनं, लालसर गडद पॉलिशचं कपाट पांढरं रंगवायला घेतलं. दोन हात झाले तरी पांढऱ्यातून पिवळे-गुलाबी डाग वर येतात. तिसरा हात दिला, पुन्हा तेच.

दहावा हात दिलात तरी ते येतील. लाकडातला टॅनिन हा तपकिरी अंश किंवा जुन्या पॉलिशमधला लाल रंग पाण्यात विरघळतो, आणि पाण्यावर आधारलेला तुमचा रंग त्याला प्रत्येक वेळी वर ओढतो. त्याला अडवतो तो लाखेचा प्रायमर. आताचा रंग घट्ट बसला असेल तर खरवडायची गरज नाही: १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, धूळ पुसा, लाखेच्या प्रायमरचे दोन पातळ हात द्या आणि त्यावर रंग. हा प्रायमर स्पिरिटमध्ये असतो, लवकर वाळतो आणि वास उग्र असतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास आग नको, ब्रश स्पिरिटनेच धुवा.

ज्यांनी अजून सुरुवात केली नाही त्यांच्यासाठी पूर्ण क्रम. बिजागऱ्या आणि मुठी काढून पिशवीत घाला, पिशवीवर दाराचं नाव लिहा. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून कपाट पुसा, मग साध्या पाण्याने, आणि एक दिवस वाळू द्या. ही पायरी टाळली तर जुन्या फर्निचर पॉलिशमधल्या सिलिकॉनमुळे रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. भोकं-चिरा लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने, भरा, १५० नंबरने घासा, पुसा, लाखेचा प्रायमर, २२० ने हलका हात, मग फोमच्या छोट्या रोलरने रंगाचे दोन-तीन पातळ हात. रंग हाताला काही तासांत कोरडा लागतो, पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत दारं घट्ट लावली तर चिकटतात आणि उघडताना रंगाची साल निघते.

दोन ठिकाणी हात आवरा. लाकडावर आधीच फार जुन्या रंगाचे थर असतील तर कोरडं घासू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आधी चाचणी करून घ्या. आणि लाकडात एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असून त्याखाली ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. कपाट बाकीच्या लाकडापासून दूर ठेवा, आधी कीड घालवा, मग रंग.

आणि रंगवण्याआधी एकदा विचार करा. चांगल्या लाकडाचं, हाताने सांधलेलं कपाट असेल तर मिश्र घरात त्याच्या मूळ रूपाला मोल असतं. आतल्या पाठीला किंवा खणांच्या आतून गडद निळा रंग दिला तरी कपाट नवं वाटतं आणि बाहेरचं लाकूड शाबूत राहतं.

प्रश्न: जेवणाच्या टेबलाभोवती सहा वेगळ्या खुर्च्या हव्यात. काय सांभाळायचं?

बैठकीची उंची. टेबल ७५ सेंटीमीटरचं असेल तर सगळ्या बैठका ४५ ते ४७ मध्ये हव्यात. तीन सेंटीमीटरचा फरकही जेवताना खांद्याला कळतो, आणि शेजारच्या दोन माणसांची डोकी वरखाली दिसतात. बुटक्या खुर्चीच्या पायांना खालून लाकडी टोप्या लावता येतात. उंच खुर्चीचे चारही पाय मात्र सुताराकडूनच कापून घ्या, घरी कापले की एक पाय हमखास डुगडुगतो. हाताच्या खुर्च्या असतील तर हात टेबलाच्या खालच्या पट्टीत अडकत नाहीत ना ते मोजा.

सहाच्या सहा वेगळ्या घेण्यापेक्षा तीन जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडी समोरासमोर मांडा. त्यांतली एक जोडी वाकवलेल्या लाकडाची असली तर फार सोय होते. वाकवलेल्या लाकडाच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या थोनेटची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट एवढाच तिचा संसार. पाठ नुसती वळणदार रेषेची असल्याने ती कोरीव खुर्चीशेजारीही खपते आणि स्टीलच्या खुर्चीशेजारीही. या घडणीची जुनी खुर्ची घेताना बैठकीखालच्या स्क्रूंवर बोट फिरवा आणि पाठ धरून हलकं हलवा. आवाज आला तर बहुधा स्क्रू आवळून भागतं. वाकवलेल्या भागावर लांबीच्या दिशेने चीर दिसली तर ती खुर्ची तिथेच ठेवा, ती चीर वजनाखाली पुढे सरकते.